लग्नघरात माकलीची पिल्लं

प्रसेनजीतचं लग्न तोंडावर आलं होतं आणि ललिताबाईंच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पुढच्या खोलीत आहेराच्या साड्यांचे गठ्ठे, स्वयंपाकघरात लाडवांचे डबे, जिन्यात मांडववाल्यानं आणून टाकलेल्या खुर्च्या. अशात त्यांची मुलगी संघप्रिया बंगळूरहून सकाळच्या बसनं उतरली. रिक्षातून बॅग खाली घ्यायच्या आधी तिनं मांडीवरचं निळं खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि चपला न काढताच थेट आत आली.

"आई, मधल्या खोलीतला कॉट हलवायला लागेल."

"आधी चहा तर घे. काय आहे त्यात?"

"अंडी."

ललिताबाईंनी कमरेवर हात ठेवले. "लग्नघरात अंडी? आणि ती बंगळूरहून? कोल्हापुरात कोंबड्या संपल्या होय?"

"कोंबडीची नाहीत गं. माकलीची आहेत."

माकली ललिताबाईंना ठाऊक होती. रत्नागिरीकडून मासे घेऊन येणारी गाडी दारावरून जायची, तिच्या बर्फात पांढरी, लिबलिबीत, डोळे वटारलेली माकली पडलेली असायची. त्यांनी ती एकदाच रांधली होती, आणि ती रबरासारखी झाल्यावर पुन्हा नाव काढलं नव्हतं. तिची अंडी घेऊन मुलगी भावाच्या लग्नाला येते, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

संघप्रिया बंगळूरच्या एका मोठ्या मत्स्यालयात कामाला होती. लोक तिकीट काढून काचेपलीकडचे समुद्री जीव बघायला येत, आणि त्या जिवांना खाऊ घालणं, त्यांचं पाणी सांभाळणं, त्यांची पैदास करणं हे तिचं काम. ललिताबाईंना ते काम कधी आवडलं नाही. गारगोटीच्या शाळेत त्यांनी उभा जन्म मराठी शिकवलं होतं. नवरा धोंडीराम वारणानगरला दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. दोघांनी ओढाताण करून पोरीला एम.एस्सी. केलं, तेव्हा तिनं कुठल्या तरी कॉलेजात शिकवावं, संध्याकाळी घरी यावं, एवढंच ललिताबाईंचं म्हणणं. तशी जागा चालूनही आली होती. पोरगी नको म्हणाली. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं जेवलीस का, तब्येत कशी आहे, एवढ्यावर आलं होतं.

आता धोंडीराम आणि प्रसेनजीतनं मिळून कॉट हलवला. संघप्रियानं भिंतीशी काचेची छोटी टाकी मांडली, कॅनमधलं खारं पाणी तीत ओतलं, हवेचा पंप लावला, पाणी कोमट ठेवायची काडी सोडली. पंप बुडबुड करू लागला. मग तिनं खोक्यातून पाण्यानं फुगलेली एक पिशवी काढली. पिशवीत नारळाची अर्धी करवंटी होती.

"ही करवंटी तर आपल्या घरची!" धोंडीराम म्हणाले.

"तुम्हीच पाठवल्या होत्या की पप्पा. मागं मी मागितल्या होत्या."

ललिताबाईंना आठवलं. दिवाळीच्या वेळी पोरीनं फोनवर करवंट्या मागितल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं, भांडी घासायला हव्या असतील. त्या वाकून बघायला लागल्या. करवंटीच्या आतल्या बाजूला, छताला चिकटवावेत तसे, भिजून टच्च फुगलेल्या साबुदाण्यासारखे पण बोराएवढे मोठे दाणे लटकत होते. पाण्यासारखे नितळ.

"ह्याच आठवड्यात फुटतील," संघप्रिया हलक्या आवाजात म्हणाली. "माझ्याबरोबर काम करतो तो मुलगा एकटाच आहे आत्ता. बाकीच्या टाक्या त्याच्याच गळ्यात आहेत. पिल्लं बाहेर आली की पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. साहेब म्हणाले, राहू दे, जगली तर जगली. मला नाही जमलं ते."

"म्हणजे भावाचं लग्न एकीकडं आणि ही अंडी एकीकडं."

"दोन्हीकडं बघेन मी. तुला काही त्रास नाही होणार."

ललिताबाई साड्यांचे गठ्ठे सरकवायला पुढच्या खोलीत गेल्या. पण भरलेल्या घरात एक आख्खी खोली अंड्यांना दिली गेली, हे त्यांच्या कपाळावर दुपारपर्यंत दिसत होतं.

दुपारी धोंडीरामांची थोरली बहीण तानाबाई नृसिंहवाडीकडच्या आपल्या गावाहून आली. तानाबाई म्हणजे आवाजानं आधी येणार आणि अंगानं मागून. तिनं दारातच भाच्याची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली, पाणी प्याली, आणि पंपाचा आवाज ऐकून मधल्या खोलीत शिरली.

"ह्ये काय गं संघा? मासं पाळलीस व्हय?"

"मासा नाही आत्या तो. माकलीतलाच एक प्रकार आहे, पण लई नखरेल. इंग्रजीत नावच तसं आहे तिचं. थांबा, दाखवतो तुम्हाला."

'दाखवतो' ऐकून ललिताबाईंनी दारातून मान वर केली. कोल्हापूरच्या बायका येतो, जातो, करतो म्हणतात, आणि वर्गातल्या पोरींचं ते बोलणं सुधारण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती. पण आज त्यांनी ते सोडून दिलं. तीन वर्षांत पोरगी पहिल्यांदा घरच्यासारखं बोलली होती.

संघप्रियानं मोबाइल उभा धरला. तिघी डोकी जुळवून बसल्या. पडद्यावर वाळू होती, आणि वाळूवर मळक्या रंगाचा, तळहातात मावेल एवढा एक गोळा. पुढून एक चिमुकला खेकडा आला. तसा तो गोळा जागा झाला. अंगावर काळपट-जांभळे पट्टे उमटले, त्यांच्यामधून पिवळा रंग सरसर पुढं धावला, त्याच्यामागून पांढरा, पुन्हा पिवळा. तोंडापुढच्या भुजांची टोकं गुलाबी झाली, लाल झाली. सणाच्या दिवशी दुकानावर दिव्यांच्या माळा पळतात, तसे रंग त्या एवढ्याशा अंगावरून पळत होते.

"अगं बया," तानाबाई म्हणाली.

पण ललिताबाई दुसरंच बघत होत्या. तो जीव पोहत नव्हता. खालच्या दोन भुजा पायांसारख्या टेकून, मागून पोटाच्या कातडीच्या दोन घड्या रोवून, तो वाळूवरून चालत निघाला होता. सावकाश, डुलत, कुणाची पर्वा नसल्यासारखा.

"पोहत का नाही ही?" त्यांनी न राहवून विचारलं.

"पोपटाच्या पिंजऱ्यात पांढरी खडूसारखी चपटी कांडी अडकवतात, बघितलीस? ती माकलीच्या पाठीतली असते. तिच्यामुळं माकली तरंगते. हिची कांडी अंगाच्या मानानं फार छोटी, त्यामुळं हिला तरंगणं जड जातं. थोडं पोहली की खाली बसते. मग चालते आपली."

"आनि खायाला कशी लागती?" तानाबाईनं मुद्द्याला हात घातला.

"खायची नाही आत्या. अंगातच विष आहे तिच्या."

"इख? मग येवढं नटून काय उपेग?"

"म्हणून तर नटते. लांबूनच सांगते, माझ्या वाटेला जाऊ नका."

तानाबाई एवढ्या मोठ्यानं हसली की पुढच्या खोलीतून प्रसेनजीत बघायला आला. संघप्रियानं मग दुसरं चित्र लावलं. त्या माकलीपुढं तिच्या निम्म्यानंही नसलेला एक नर आला होता आणि रंग उधळत तिच्याभोवती घुटमळत होता.

"ह्यो तिचा नवरा? येवढासा?" तानाबाईनं भावजयीकडं बघितलं. ललिताबाई धोंडीरामांपेक्षा चांगल्या चार बोटं उंच होत्या. "आमच्या धोंड्यागत हाय की गं!"

ह्यावर मात्र ललिताबाईंनाही हसू आवरेना. हसता हसता त्यांनी विचारलं, "आणि आता ती कुठं आहे? ह्या अंड्यांची आई?"

संघप्रियानं मोबाइल बंद केला. "गेली ती. मागच्या आठवड्यात."

"काय झालं?"

"काही नाही. तसंच असतं त्यांचं. एकेक अंडं भुजांनी धरून आत नेलं, करवंटीला चिकटवलं, पुन्हा बाहेर आली, दुसरं नेलं. दिवसच्या दिवस. मग खाणं सोडलं. अंडी घालून झाली की त्यांचं संपतंच, आई. पिल्लं कधी आईला बघत नाहीत, आई पिल्लांना बघत नाही."

तानाबाईनं जिभेनं चुकचुक केलं. ललिताबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि काही कारण नसताना लाडवांच्या डब्यांची झाकणं उघडून बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांना जाग आली. घर झोपलेलं होतं. चहाचं आधण ठेवून त्या मधल्या खोलीत गेल्या आणि टाकीसमोर पाटावर बसल्या. खिडकीतून उजेड येत होता. त्यांनी चष्मा पुसून करवंटीच्या आत निरखून पाहिलं. एका दाण्यात दोन काळे ठिपके होते. ठिपक्यांच्या मागं हरभऱ्याच्या डाळीएवढं अंग. त्यांनी जरा पुढं वाकून बघितलं, तसं ते अंग दाण्याच्या आतल्या आत गर्रकन फिरलं आणि तपकिरी झालं. मग पुन्हा फिकं. पुन्हा तपकिरी.

ललिताबाईंच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं. अजून जन्मलेलंही नव्हतं ते, आणि त्यांना बघत होतं.

आधण उतू गेल्याचा वास आला तेव्हा त्या उठल्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मधल्या खोलीत जायला त्यांना काही ना काही निमित्त सापडायला लागलं. साडीची घडी तिथंच पडली, सुरी तिथंच राहिली. संघप्रियाच्या ते लक्षात आलं असावं. एकदा जाता जाता ती म्हणाली, "उजव्या कडेचं बघ, ते सगळ्यात पुढं आहे."

टाकीशेजारी झाकण ठेवलेली एक बादली होती. तिच्यातही एक पंप सोडलेला होता. पिल्लांचं खाणं त्यात होतं. समुद्रातला जवळा, पण वाळवलेला नाही, जिवंत, केसाएवढा बारीक. ही पिल्लं मेलेलं काही तोंडाला लावत नाहीत, समोर हललं तरच त्यावर झडप घालतात, असं संघप्रियानं आईवडिलांना समजावलं होतं. तानाबाई तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी संघप्रिया आणि प्रसेनजीत गारगोटीला गेले. नवरी अक्षता तिथली. तिच्या घरी साडी आणि हार पोचवायचे होते. धोंडीराम हॉलवर गेले होते. जेवणं झाली, बायका पडल्या, ललिताबाई ओवाळणीच्या ताटांचं बघत होत्या. तेवढ्यात मागच्या मोरीतून खसाखसा घासण्याचा आवाज आला.

त्या गेल्या. तानाबाई लुगडं खोचून बादली घासत होती.

"वन्सं, ही कुठली बादली?"

"त्या खोलीतली गं. झाकण उघाडलं तर आत ह्ये आळ्या! वळवळत्यात नुसत्या. परवाच आमच्यात डेंगूवाली बाई आल्ती, म्हनली साठल्यालं पानी वतून टाका. लगीनघर हाय, पोरंबाळं हायती. म्या सगळं वतलं बघ मोरीत."

ललिताबाईंनी मोरीकडं पाहिलं. पाणी केव्हाच वाहून गेलं होतं.

"वन्सं, ते पिल्लांचं खाणं होतं."

"कुठल्या पिल्लांचं?"

ललिताबाई मधल्या खोलीत धावल्या, टाकी तरी जागेवर आहे ना बघायला. टाकी होती, पंप चालू होता. पण उजव्या कडेच्या दाण्याला टोकाशी भोक पडलं होतं, आणि त्यातून ते अंग जोर करून बाहेर येत होतं. अर्धं आलं, थांबलं, पुन्हा जोर केला, आणि सुटून पाण्यात तरंगत खाली बसलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. क्षणभर वाळूच्या रंगाचं. मग त्या एवढ्याशा अंगावर आधी तपकिरी पट्टे आले, त्यांच्यात पिवळा ठिपका उमटला, आणि ते उठून चालायला लागलं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी दाखवलं नव्हतं. आपल्या नसलेल्या आईसारखंच डुलत डुलत.

तानाबाई ओल्या हातांनी मागं येऊन उभी होती. तिनंही ते पाहिलं. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती मटकन खाली बसली. "अगं माझ्या कर्मा! म्या त्याच्या तोंडातलं वतून टाकलं की गं! आता पोरगी काय म्हनंल मला?"

"रडू नका. बघते मी."

ललिताबाईंनी गारगोटीला फोन लावला. पलीकडं बायकांचा गलका होता. संघप्रिया बाजूला आल्यावर त्यांनी एका दमात सांगितलं, "संघा, एक पिल्लू बाहेर आलंय. छान आहे, चालतंय. आणि बादलीतलं खाणं सांडलं. माझं लक्ष नव्हतं. चूक माझी."

ललिताबाईंनी डोळे मिटून घेतले. रागाचं काय ते बोलून घेऊ दे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"सगळं सांडलं?"

"सगळं."

"बरं. घाबरू नकोस. अंड्यातला बलक त्याच्या पोटात थोडा शिल्लक असतो, उद्या सकाळपर्यंत काढेल ते. मी बंगळूरला फोन करतो. तू फक्त टाकीवर पातळ फडकं टाक, उजेड कमी कर. आणि कुणाला काच वाजवू देऊ नकोस." मग तिनं विचारलं, "आत्यांनी ओतलं ना?"

ललिताबाईंनी खाली बसलेल्या तानाबाईकडं पाहिलं.

"त्यांना ओरडू नकोस आई. मीच त्यांना सांगायला पाहिजे होतं."

फोन ठेवून ललिताबाईंनी पांढरी ओढणी टाकीवर टाकली. मग स्टूल घेऊन त्या दाराशीच बसल्या. पुढच्या खोलीत हळदीची तयारी सुरू झाली, कुणीतरी स्पीकर लावला, तसं त्या उठून त्याचा आवाज कमी करायला सांगून आल्या. नवरदेवाच्या आईला त्या तयारीसाठी पाच वेळा हाका माराव्या लागल्या. शेवटी तानाबाई म्हणाली, "तू जा. हितं म्या बसतो. आता ह्या दारातनं माशी सुदीक आत जायाची न्हाय."

संध्याकाळी संघप्रिया परत आली ती निरोप घेऊनच. बंगळूरच्या त्या मुलानं जिवंत जवळ्याची पिशवी बांधून पुण्याकडं जाणाऱ्या स्लीपर बसच्या ड्रायव्हरकडं दिली होती. सकाळी बस तावडे हॉटेलपाशी थांबेल, तिथं घ्यायची.

"मी जातो सकाळी," ती म्हणाली.

"तू कशी जाणार? नवरीकडची मंडळी सकाळीच येणार, त्यांना घ्यायला करवली नको? आणि इथं एकामागनं एक अंडी फुटतायत, त्यांच्याजवळ कोण? मी आणि तुझे पप्पा जातो."

संघप्रिया आईकडं बघत राहिली. "तू? लग्नाच्या सकाळी?"

"का? लग्न माझं आहे काय?"

सकाळी ललिताबाई पांढरी साडी नेसून, वर स्वेटर घालून धोंडीरामांच्या मागं स्कूटरवर बसल्या. धोंडीरामांनीही लग्नाचा पांढरा सदरा घातला होता, पुन्हा बदलायला वेळ कुठला. हवेत गारठा होता. तावडे हॉटेलच्या नाक्यावर ट्रक, बस, रिक्षा यांची वर्दळ होती, आणि हे दोघं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत कडेला उभे. एक रिक्षावाला जवळ आला.

"पावणं, कुठं सोडायचं? लग्नाला चाललाय जनू."

"आमच्या पोराचंच लगीन हाय," धोंडीराम म्हणाले.

"मग हितं का हुबं?"

"जवळा यायचाय."

रिक्षावाल्यानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "लग्नात जवळा?"

"पिल्लांना लागतो," ललिताबाई म्हणाल्या. "समुद्रातली पिल्लं आहेत. मुलगी सांभाळते माझी. एवढी एवढी असतात, जन्मली की लगेच चालतात." त्यांनी बोटानं आकार दाखवला, मग करवंटीचं सांगितलं, रंगांचं सांगितलं, विषाचं सांगितलं. रिक्षावाल्याच्या जोडीला चहाच्या गाड्यावरची आणखी दोघं येऊन ऐकायला लागली. धोंडीराम बायकोकडं तोंड उघडं टाकून बघत होते. गारगोटीच्या वर्गात ती कशी शिकवायची, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

बस उशिरा आली. सगळ्यांच्या आधी तो रिक्षावालाच हात करत पुढं पळाला. ड्रायव्हरनं केबिनमधून थर्माकोलचा डबा खाली दिला. ललिताबाईंनी झाकण किलकिलं करून बघितलं, पिशवीतलं पाणी वळवळत होतं. "जिवंत आहे," त्या म्हणाल्या, आणि नाक्यावरच्या चार अनोळखी माणसांनी समाधानानं माना हलवल्या.

घरी येईपर्यंत टाकीत कितीतरी पिल्लं झाली होती. संघप्रिया करवलीच्या साडीत, पदर कमरेला खोचून, गुडघ्यांवर बसली होती. डोळे जागरणानं लाल झाले होते. तिनं पिशवीचं पाणी हळूहळू टाकीच्या पाण्याशी जुळवून घेतलं आणि नळीनं थोडा जवळा आत सोडला.

काही झालं नाही. पिल्लं वाळूवर मळक्या दाण्यांसारखी पडून होती. तानाबाईनं ललिताबाईंचा दंड घट्ट धरला.

मग कालचं ते थोरलं पिल्लू उठलं. एका जवळ्याकडं तोंड करून थबकलं. दोन भुजा वर उचलल्या. अंग काळसर-पिवळं झालं. आणि तोंडातून दोन बारीक दोऱ्यांसारखं काहीतरी झपकन बाहेर पडून परत आत गेलं. जवळा दिसेनासा झाला.

"खाल्लं!" तानाबाई ओरडली. "संघा, खाल्लं गं त्यानं!"

संघप्रियानं मागं वळून बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि एकदम तिला रडू आलं. ललिताबाई साडीची पर्वा न करता तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसल्या आणि त्यांनी तिचं डोकं खांद्यावर घेतलं. "झालं की गं आता. पोट भरलं त्यांचं. उठ, तोंड धू. तुझ्या भावाचं लग्न आहे."

नवरदेव दारात तयार होऊन उभा होता. "कुणाला माझी आठवण आहे का?" त्यानं विचारलं.

लग्न ठरल्यापेक्षा थोडं उशिरा लागलं, पण लग्नं कुठं वेळेवर लागतात. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढं मेणबत्त्या लावल्या, हॉलभर माणसं उभी राहिली, त्रिशरण-पंचशील झालं, नवरा-नवरीनं हार घातले, फुलांचा वर्षाव झाला. ललिताबाईंच्या पदराला खाऱ्या पाण्याचा मोठा डाग होता. विहीणबाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळी हकिगत सांगितली. त्यामुळं संध्याकाळी अक्षता नव्या घरात आली ती आधी मधल्या खोलीतच. गारगोटीचे तिचे काका, मामा, मावश्या, सगळे रांगेनं टाकीसमोरून गेले. दाराशी तानाबाई उभी होती. "काच वाजवू नगासा. हात मागं. फोटू काढा, पर उजेड पाडू नगासा," असं ती प्रत्येकाला बजावत होती.

पाहुणे पांगल्यावर मायलेकी टाकीशेजारी जेवायला बसल्या. दोन ताटं, मध्ये पाण्याचा तांब्या.

"हे काम असं असतं होय," ललिताबाई म्हणाल्या. "तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस, आई."

ललिताबाईंनी लेकीच्या ताटात आणखी एक लाडू वाढला. ते खरं होतं. "आता विचारते," त्या म्हणाल्या. "ह्या दोन अंड्यांचं काय? ही फुटत नाहीत."

"ती नाही फुटणार बहुतेक. सगळीच नाही जगत. पण एवढी जगली हेच खूप आहे. तिकडं राहिली असती तर काही खरं नव्हतं."

जेवण आटोपून हात धुतले तरी त्या बोलतच होत्या. माकलीला तीन हृदयं असतात, तिचं रक्त निळसर असतं, तिला स्वतःला रंग ओळखू येत नाहीत असं शास्त्रज्ञ मानतात, हे ऐकून ललिताबाईंनी कितीतरी प्रश्न विचारले. काहींची उत्तरं संघप्रियालाही येत नव्हती, आणि तसं ती सरळ सांगत होती.

पिल्लं बंगळूरला सुखरूप पोचली.

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत एका दुपारी संघप्रियाचा व्हिडिओ कॉल आला. ललिताबाई, अक्षता आणि मुक्कामाला आलेली तानाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. संघप्रियानं कॅमेरा मोठ्या टाकीकडं वळवला. पिल्लं आता पिल्लं राहिली नव्हती, चांगली अंगठ्याएवढी झाली होती. पण वाळूत शोधावी लागत होती. मळकी, ढेकळासारखी, निवांत पडलेली.

"अगं, त्ये रंग कुठं गेलं त्यांचं?" तानाबाईनं विचारलं. "आजारी बिजारी हायत का?"

"छे हो आत्या. मजेत आहेत. पोट भरलंय, कुणाची भीती नाही, मग कशाला नटतील? एरवी अशीच असतात. लोक येतात आणि तक्रार करतात, पाटीवर रंगीत चित्र आहे आणि आत नुसती माती."

"मग तू काय सांगतीस त्यांस्नी?"

"थांबा म्हणतो जरा. बसा."

ललिताबाई पडद्यातल्या लेकीकडं बघत होत्या. केस कसेतरी बांधलेले, अंगात जुना टीशर्ट, बाही ओली, गालावर कसला तरी शेवाळाचा ठिपका. पलीकडून कुणीतरी तिला हाक मारत होतं आणि ती "आलो, आलो" म्हणत होती.

"संघा, येत्या आठवड्यात येते मी तिकडं," ललिताबाई म्हणाल्या. "टाकीसमोर बसायला स्टूल वगैरे आहे का?"

"खरंच येतेस? आहे की! देतो तुला स्टूल."

"आणि तिथं आता थंडी असते का गं? शाल घेऊ का?"